खडीर बेटांतील दहा अक्षरें

'सिंधुसंस्कृति' म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम हडप्पा व मोहेंजोदडो उभीं राहतात, आणि तें योग्यच आहे. १९२१ सालीं दयाराम साहनी यांनीं हडप्पा येथें व पुढील वर्षीं राखालदास बॅनर्जी यांनीं मोहेंजोदडो येथें उत्खननास हात घातला, आणि १९२४ च्या सप्टेंबरांत सर जॉन मार्शल यांनीं हा शोध जगाच्या कानीं घातला. परंतु १९४७ नंतर तीं दोन्ही स्थळें पाकिस्तानांत गेलीं. त्यामुळें आमच्यासारख्या हौशी प्रवाशास त्या संस्कृतीचें एखादें मोठें नगर पाहावयाचें तर कच्छची वाट धरणेंच सोयीचें. गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां व कॉलेजांत शिकणारा पुतण्या असे तिघेजण धोलावीरा पाहून आलों.

मुंबईहून रात्रीच्या आगगाडीनें भुज, व तेथून खावड्यावरून मोटारीनें खडीर बेट. बेट म्हणावें तर समुद्र कोठें दिसत नाहीं. रस्त्याच्या दोहों बाजूंस दृष्टि पोहोंचेल तेथवर मिठाचें पांढरें रण. प्राचीन काळीं या रणांत उथळ खाडी असावी व नौका ये-जा करीत असाव्या, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. सिंधूचें मुख्य पात्र मात्र येथून पुष्कळ दूर. नदी नाहीं, पाऊस अपुरा, जमिनींतील पाणी बहुतेक खारें. अशा जागीं सुमारें दीड हजार वर्षें वस्ती टिकली कशी, हा प्रश्न तेथें पाऊल टाकतांच मनांत येतो.

गांवाच्या उत्तरेस मनसर व दक्षिणेस मनहर असे दोन ओढे आहेत. पावसाळा सोडला तर दोन्ही कोरडे. त्यांच्या पात्रांत बंधारे घालून त्या लोकांनीं पाणी वळविलें, आणि तटाच्या आंत ओळीनें खोदलेल्या तलावांत तें साठविलें. पूर्वेकडील मोठा तलाव सुमारें ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद व १० मीटर खोल आहे. पायऱ्या उतरत तळापर्यंत जातां येतें. दक्षिणेकडील कांहीं टाकीं तर खडकांत कोरलेलीं. बालेकिल्ल्यावर पडणारें पावसाचें पाणीदेखील वायां जाऊं न देतां दगडी नाल्यांतून खालीं आणलेलें आहे. आमच्या मंडळींचें माहेर माणदेशांतलें. पुतण्या तटबंदी पाहावयास पुढें गेला, तरी त्या तलावाच्या कांठावरून हलेनात. "ज्या घरीं हंडा हंडा मोजून पाणी वापरलें असेल, त्यांनाच हें सुचेल," एवढेंच त्या म्हणाल्या. पुरातत्त्वावरील पुष्कळ वाचन करूनही आम्हांस याहून अधिक नेमकें कांहीं सांगतां आलें नसतें.

या स्थळाची नोंद पुरातत्त्व खात्याचे जगत्पति जोशी यांनीं १९६७-६८ च्या सुमारास केली, व १९९० च्या सुमारास रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखालीं मोठें उत्खनन सुरू झालें. त्यांत बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजालगतच्या खोलींत जिप्समच्या तुकड्यांनीं जुळविलेलीं दहा चिन्हें मिळालीं. प्रत्येक चिन्ह सुमारें सव्वा फूट उंच! ज्या लांकडी फळीवर तीं बसविलीं होतीं ती केव्हांच कुजून गेली. चिन्हांची ओळ मात्र मातींत जशीच्या तशी राहिली. आऱ्यांच्या चाकासारखें एक चिन्ह तींत चार वेळां येतें.

"काका, यांत तुमचें संस्कृत कांहीं लागतें का?" पुतण्यानें विचारलें.

नाहीं लागत. ही लिपि अद्याप निर्विवादपणें कोणासही वाचतां आलेली नाहीं. लेख बहुधा पांच-सहा चिन्हांचे, आणि परिचित भाषेंतील जोड-लेख एकही नाहीं. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडळांत 'हरियूपीया' असें नांव आहे व कांहीं पंडित तें हडप्पाशीं जुळवितात; परंतु नामसादृश्य हें प्रमाण नव्हे, हें आम्हीं ज्या गुरुजींपाशीं व्याकरण शिकलों त्यांनींच आम्हांस बजाविलें होतें. चाकाच्या चिन्हांत कोणास सूर्य दिसतो, कोणास रथ. वेदांचें थोरपण अशा टेकूवर उभें नाहीं, आणि या नगराचेंही नाहीं. तरीही आपलेंच नांव त्या फळीवर वाचण्याचा मोह मोठा असतो, हें खरें.

उलट प्रकारही घडतो. १९११-१२ सालीं रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव देवदत्तपंत मोहेंजोदडोस गेले होते. विटा अर्वाचीन धाटणीच्या पाहून गांव दोनशें वर्षांपलीकडचें नसावें, असा अभिप्राय त्यांनीं दिला. एवढा जाणता पुरुष. परंतु इतक्या प्राचीन काळीं अशी सुबक वीट होती, हें तेव्हां कोणाच्याच स्वप्नांत नव्हतें.

धोलावीऱ्याच्या सर्वांत वरच्या थरांत काटकोनी घरें संपतात व गोल झोपड्यांचे पाये दिसतात. मध्यंतरीं गांव ओस पडलें होतें; मागाहून आलेल्यांनीं आपल्या परीनें पुन्हा संसार मांडले, व पुढें तेही गेले. २०२१ सालीं जागतिक वारशाच्या यादींत नांव आल्यापासून प्रवासी वाढले आहेत. जाणारांनीं थंडींतच जावें, प्रथम जवळचें संग्रहालय पाहून मग टेकाड चढावें, आणि पिण्याचें पाणी बरोबर न्यावें.