शिंगाचं धनुष्य

परवा इथे मलकापुरातच राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडे गेलो होतो. आता त्याचीही पन्नाशी उलटली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो शिंगाचं धनुष्य करतो आहे असं कानावर आलं होतं, म्हणून मुद्दाम गेलो.

शार्ङ्गपाणी म्हणजे शार्ङ्ग धनुष्य हाती असलेला विष्णू, बहुव्रीही समास. हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. शार्ङ्ग म्हणजे शृंगाचं, शिंगाचं, हेही सांगायचो. पण शिंगाचं धनुष्य वाकतं कसं, हे कुणा पोरानं विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती!

तर ते असं. मध्ये लाकडाची पट्टी. तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीचं शिंग, ते दाब सोसतं. पलीकडच्या बाजूला, म्हणजे पाठीवर, ताण सोसायला जनावराच्या मागच्या पायातली टाचेवरची दोरी. विज्ञानाच्या पुस्तकात तिला स्नायूरज्जू म्हणतात. ती वाळवायची, लाकडी हातोडीनं ठेचायची, मग तिचे केसासारखे तंतू सुटतात. ते विंचरायचे, कोमट सरसात बुडवायचे, निथळायचे आणि पाठीवर लांबीच्या दिशेनं एकाशेजारी एक बसवायचे. सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. एक थर वाळला की दुसरा. शेवटच्या थरानंतर काही महिने नुसतं थांबायचं. तंतू आकसतात आणि धनुष्य आपणहून उलट्या बाजूला वळत जातं. मग कानस, वर पातळ चामडं किंवा रंग-रोगण. कारण सरसाचा वैरी म्हणजे ओल, आणि आपल्या कृष्णाकाठचा पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. पूर्वी हिंदुस्थानात पोलादी धनुष्यंही होत, त्याचं एक कारण हेच.

सरस मंद आचेवर होता. त्या वासानं मला एकदम आठवी ब चा वर्ग आठवला. 1985 च्या सुमाराची गोष्ट. या मुलाचे वडील कातड्याच्या कामात होते. कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठे चिकटवायला त्यानं घरचा सरस डब्यातून आणला होता. वर्गात नाकं मुरडली गेली. मी त्याला डब्यासकट बाहेर बसवलं. आणि पुढच्या तासाला, बहुधा, समास शिकवले असतील.

"तुला आठवतं का रे?" मी विचारलं.

"आठवतंय की सर," तो मान वर न करता म्हणाला. "डबा व्हरांड्यातच थिजला. घरी नेऊन आईनं परत तापवला."

मला क्षमा मागायची होती. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यानं तंतूंची एक जुडी माझ्या हातात दिली. "सर, जरा विंचरा. बारीक हातानं. तुटलं तर पुन्हा मिळायचं अवघड."

मी दोन जुड्या विंचरल्या. तिसरी तुटली. तो काही बोलला नाही, तुकडे वेगळे ठेवले. आखूड तंतू टोकाशी चालतात म्हणे.

मंगळवारी पुढचा थर आहे. सकाळी लवकर बोलावलंय.