पाखाडीच्या नऊ पायऱ्या

पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं. मग आमची पाखाडी उतरताना दादा प्रत्येक पायरीवर आधी टाच टेकवून बघतो आणि नंतरच भार टाकतो. त्याच्या दोन्ही हातांवर त्याचा मुलगा असतो, माझा भाचा, दहा वर्षांचा. बेड्यापासून, म्हणजे अंगणाच्या फाटकापासून, खालच्या रस्त्यापर्यंत २३ पायऱ्या आहेत. थिबा पॅलेसच्या टेकडीच्या उताराला आमचं घर. अंगणातून भाट्याची खाडी दिसते, पूल दिसतो, आणि आंब्याच्या फांद्या छाटलेल्या असल्या तर समुद्राची एक पट्टीही. पाहुणे म्हणतात, काय भाग्याची जागा आहे तुमची.

भाचा जन्मला तेव्हा रडला नाही. आमच्याकडे हे असंच सांगतात. "रडला नाही" एवढं म्हटलं की ऐकणारी बाई पुढचं विचारत नाही. सेरेब्रल पाल्सी हा शब्द घरात आला तो नंतर, वर्ष उलटूनही त्याची मान धरेना तेव्हा. हात-पाय हलवण्याचे हुकूम मेंदूतून सुटतात, तिथेच कोवळ्या वयात इजा झालेली. ती इजा वाढत नाही. पण मूल वाढतं, हाडं लांब होतात, आणि आखडलेले स्नायू त्यांच्या मागे पडत जातात. १८६१ साली लंडनच्या विल्यम लिटल यांनी हा आजार अवघड बाळंतपणाशी जोडला, आणि त्या एका वाक्याचा भार पुढे कितीतरी आयांनी वाहिला. बहुतेक मुलांच्या बाबतीत कारण बाळंतपणात नसतं, हे पुष्कळ उशिरा कळलं. वहिनीला मी ते किती वेळा सांगितलंय. ती ऐकते, मान हलवते, आणि चुलीकडे वळते.

भाच्याला सगळं समजतं. त्याचं बोलणं मात्र आम्हा चौघांनाच समजतं. मला तो "आ-ते" म्हणतो, मधे एक श्वास घेऊन.

त्याच्याभोवती आकडे फार. दिव्यांग प्रमाणपत्रावर ८० टक्के लिहिलेलं आहे. कायद्याने सवलतींची रेघ ४० टक्क्यांवर ओढलेली, म्हणून दवाखान्याच्या बाकावर एक आई दुसरीला मुलाचं नाव विचारण्याआधी "किती टक्के?" असं विचारते. फिजिओथेरपीच्या कागदावर चौथा स्तर आहे. ही पाच स्तरांची वर्गवारी रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. पहिल्या स्तरावरचं मूल कठडा न धरता जिना चढतं, दुसऱ्या स्तरावरचं कठडा धरून. तिसरं वॉकर घेऊन चालतं, चौथ्याला बहुतेक वेळा चाकांवर न्यावं लागतं, पाचव्याला मान सावरणंही कठीण जातं. कोकणातल्या पाखाडीला कठडा नसतो. त्यामुळे आमच्याकडे दुसऱ्या स्तरावरचं मूलसुद्धा ओटीवर बसून राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गेल्या आषाढात फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी आमच्याकडे प्रश्नावली घेऊन आली. मूळ प्रश्न ऑस्ट्रेलियातले, मेलबर्नच्या एलिझाबेथ वॉटर्स आणि त्यांच्या सोबतच्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी तयार केलेले. तिने स्वतःच ते मराठीत आणले होते. मूल किती चालतं, हा त्यांचा मुद्दाच नव्हता. झोप, शाळा, मित्र, लोकांनी आपलं म्हणणं, घरच्यांबरोबर फिरायला जाणं, दुखणं; या सगळ्याबद्दल मुलाला कसं वाटतं, ते १ ते ९ या आकड्यांत सांगायचं. एक म्हणजे फार दुःखी, नऊ म्हणजे फार सुखी. आईवडिलांनी भरायचा कागद वेगळा, आणि नऊ वर्षांवरच्या मुलाने स्वतः भरायचा वेगळा.

वहिनीने तिचा कागद तासाभरात भरला. बरेचसे तीन, काही दोन. मुलाचा कागद तसाच राहिला होता. मी म्हटलं, मी विचारते त्याला.

विचारायला बसले आणि भाषाच अडली. "तुला कसं वाटतं?" याला आमच्या घरात एकच उत्तर: बरं आहे. ताप उतरला तरी बरं, आंब्याला भाव आला तरी बरं, माणूस गेल्यानंतरच्या तेराव्या दिवशीसुद्धा बरं. त्या शब्दाचे नऊ तुकडे कसे करायचे? शेवटी वहीच्या पानावर मी आमची पाखाडी काढली, नऊच पायऱ्यांची. वर बेडं, खाली रस्ता. त्याला म्हटलं, मी विचारीन ते ऐक आणि तू कुठल्या पायरीवर आहेस ते दाखव. उजवी मूठ तो हळूहळू का होईना, हव्या त्या जागी नेऊन ठेवू शकतो.

रात्रीची झोप? मूठ आठवीवर गेली. हातापायांचं दुखणं? नववी. मला इतकं हायसं वाटलं. मग विचारलं, शाळेतली मुलं? मूठ घसरत घसरत अगदी तळाला, पहिल्या पायरीवर. बाबांबरोबर समुद्रावर जाणं? तीही पहिलीच. वहिनीने पदर तोंडाशी नेला आणि आत गेली.

तो चिडला. चिडला की त्याचं सगळं अंग ताठ होतं, मान मागे जाते, शब्द आणखी अडतात. मूठ कागदाच्या तळावर आपटत होता, मग बेड्याकडे हात, मग पुन्हा कागद. "खा-ई," तो म्हणत होता. खाली. कितीतरी वेळाने माझ्या डोक्यात उजेड पडला. खाली रस्ता आहे. रस्त्यावर रिक्षा येते, तिच्यातून शाळेत जायचं असतं. खालून पोरं हाका मारतात, खाली भाट्याची वाळू आहे. वर काय आहे? खाट आहे, छत आहे, दुपार आहे. वरची पायरी चांगली असते, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. ते मला सांगायचीसुद्धा गरज वाटली नव्हती. याच टेकडीच्या माथ्यावर ब्रह्मदेशाचा राजा थिबा शेवटची वर्षं राहिला, १९१६ साली मरेपर्यंत. समुद्र समोर आणि परतायला वाट नाही. इथे वाढूनही उंचीचं दुसरं रूप मला कधी सुचलं नाही.

म्हणजे आम्ही वाचलेलं सगळं उलटं होतं. शाळेतली मुलं ही त्याची सगळ्यात सुखाची जागा होती. आणि दुखणं नववीवर, म्हणजे रस्त्यापासून सगळ्यात दूर.

रात्री तो रडतो, ते आम्ही हट्ट म्हणून सोडून देत होतो. कधी कधी रागावतही होतो. हे लिहिताना हात जड होतो. तपासलं तेव्हा स्प्लिंटच्या ओल्या पट्ट्याखाली घोट्याजवळची कातडी सोललेली निघाली आणि एक्स-रेमध्ये उजवा खुबा सांध्यातून सरकू लागलेला दिसला. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीनांतल्या एका मुलाचा खुबा असा सरकतो. त्याचं दुखणं मूल सांगू शकलं नाही तर बाहेरून दिसत नाही. आता स्नायू सैल करायचं औषध सुरू आहे, पट्टा बदलला आहे, खुब्याचा एक्स-रे ठरलेल्या महिन्याला काढतो.

नंतर त्या मुलीने मला युरोपातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २००७ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सात देशांतल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या ८१८ मुलांच्या घरी अभ्यासक गेले. त्यांतल्या ५०० मुलांनी स्वतः उत्तरं दिली, आणि त्यांचं जगण्याचं समाधान इतर मुलांसारखंच निघालं. दुखणं जिथे होतं तिथे मात्र ते सगळ्याच बाजूंनी खाली गेलेलं. याच मुलांच्या आईवडिलांचे आकडे पुष्कळ बाबतींत मुलांपेक्षा कमी होते. मला वहिनीचे तीन आणि दोन आठवले. तिने ते खोटे लिहिले नव्हते. ती मुलाकडे बघत होती, पण तिला दिसत होत्या त्या २३ पायऱ्या.

मुंबईत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मिठू आलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी, आणि तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा उभी केली. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे एका बोटाने टाइप करत शिकली आणि आपलं आयुष्य स्वतः पुस्तकात लिहिलं. माझ्या भाच्याजवळ एक मूठ आहे. दहा वर्षं आम्ही ती फक्त उघडायचा व्यायाम करून घेत होतो.

मग आम्ही नवा कागद काढला. या वेळी पायऱ्यांना तोच आकडे देणार होता. रस्त्याला नऊ, बेड्याला एक. सगळे प्रश्न पुन्हा विचारले, दोन संध्याकाळी लागल्या. बाहेर पाऊस धरून होता, पत्र्यावरच्या आवाजात त्याचा शब्द ऐकायला मला कान अगदी जवळ न्यावा लागत होता. शेवटचा प्रश्न झाला, मी वही मिटायला घेतली, तर त्याने मूठ वहीवर ठेवली. मग ती उचलून दाराकडे नेली. दारात वहिनी तांदूळ निवडत बसली होती.

"आ-ई," तो म्हणाला आणि मूठ पुन्हा पायऱ्यांवर आणली.

"तुला विचारतोय," मी वहिनीला म्हटलं. "तू कितवीवर?"

"मी काय, बरी आहे."

त्याने मान हलवली. नाही. मूठ तिथेच. वहिनी सूप बाजूला ठेवून उठली, पदराला हात पुसले आणि वहीपाशी येऊन बसली. पानाकडे बघत ती बराच वेळ बोट पायऱ्यांवरून वर-खाली फिरवत राहिली.

"ही," ती म्हणाली. "चौथी. पण कालपर्यंत इथे होते," आणि तिने बोट बेड्यावर नेऊन ठेवलं.