परतीची तजवीज

कचेऱ्यांतील संगणकांची देखभाल करणाऱ्याकडे ‘जुना ब्राउझर परत बसवून द्या’ असा अर्ज घेऊन येणाऱ्यास पुराणमतवादी ठरवून हसण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी १४ नोव्हेंबर २०१७ या दिवसाचे स्मरण करावे. त्या दिवशी प्रसिद्ध झालेली फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती वेगाने निःसंशय सरस होती. परंतु जुन्या पद्धतीची सारी ॲड-ऑन्स तिने सरसकट नामंजूर केली, आणि ज्यांच्या कामाची घडी त्यांवरच बसलेली होती, त्यांनी मागची आवृत्ती मागावी, हे सर्वस्वी न्याय्य होते.

मागे जाणे वरकरणी सोपे भासते. विंडोज ७ वर इंटरनेट एक्स्प्लोरर ११ नकोसा झाल्यास कंट्रोल पॅनेलमधील अपडेटांच्या यादीतून तो काढून टाकावा, यंत्र पुन्हा सुरू करावे, की आधीची आवृत्ती हजर. कारण तेथे ब्राउझर हा विंडोजचाच एक घटक होता आणि जुन्या फायली यंत्रणेने राखून ठेवलेल्या असत. फायरफॉक्सचा कारभार निराळा. तेथे प्रोग्रॅम एकीकडे, आणि बुकमार्क, इतिहास, पासवर्ड यांचे दप्तर, ज्यास प्रोफाइल म्हणतात, ते दुसरीकडे असते. नवी आवृत्ती या दप्तराची मांडणी आपल्या सोयीने बदलू शकते. आणि मग ते जुन्या आवृत्तीच्या हवाली केले, तर नव्या नमुन्यात लिहिलेली खतावणी पुढ्यात पडलेल्या जुन्या कारकुनासारखी तिची गत होते. म्हणूनच मे २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स अशा वेळी प्रारंभीच अडवतो आणि नवे प्रोफाइल तयार करा अथवा बाहेर पडा, एवढेच दोन पर्याय पुढे ठेवतो. नवे प्रोफाइल अर्थातच कोरे असते.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची. नव्या आवृत्तीत कोणते दोष दुरुस्त झाले, हे तिचे प्रकाशक जाहीर करतात. तेव्हा जुन्या आवृत्तीत राहिलेल्या दोषांची जणू छापील यादीच दुष्ट हेतूच्या मंडळींच्या हाती पडते, आणि परतणारा मनुष्य नेमका त्या यादीतील दोष पुन्हा अंगीकारतो.

यावर उपाय नव्हता असे नाही. संस्थांसाठी असलेल्या दीर्घ मुदतीच्या शाखेची ५२ वी आवृत्ती जुनी ॲड-ऑन्स चालवीत असे, आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०१८ पर्यंत मिळत राहिल्या. परंतु तिचा आश्रय ५७ वी आवृत्ती बसण्यापूर्वी करणेच सोयीचे होते. नंतर आलेल्यांपुढे दप्तराचा तोच पेच उभा राहिला. सारांश, परतीची तजवीज प्रस्थानापूर्वी करावी लागते: ब्राउझर पूर्ण बंद करून प्रोफाइलची नक्कल अन्यत्र ठेवणे, हे काम काही मिनिटांचे आहे. ते वापरणाऱ्याच्या ध्यानी येत नाही, यात नवल नाही. पण आपोआप अपडेट पाठवणाऱ्यांनीच अशी नक्कल ठेवून मग दप्तरास हात लावावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.