घाट की बोगदा?

महाडहून पोलादपूरमार्गे खेडला जाताना कशेडी घाट लागतो. वळणं मोजत, किलोमीटरचे दगड वाचत जायची मजा काही औरच! आता डोंगराच्या पोटातून बोगदाही झालाय. वेळ वाचतो, पण ती वळणं दिसत नाहीत. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिताना मला या दोन रस्त्यांची नेहमी आठवण होते. कशी, ते ऐका.

'सी' भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला थेट कळत नाही. कंपायलर त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करतो. रिचर्ड स्टॉलमन यांचा, १९८७ साली प्रसिद्ध झालेला 'जीसीसी' हा असाच एक कंपायलर. त्याला सूचना देण्यासाठी जी छोटी अक्षरं जोडतात, त्यांना 'फ्लॅग' म्हणतात.

समजा, १ ते १०० ची बेरीज करायची आहे. '-ओ०' म्हटलं की कंपायलर घाटाने जातो. एकेक आकडा मिळवतो. मधेच थांबवून 'डीबगर'ला विचारा, "३७ मिळवल्यावर किती झाले?" तो सांगेल, ७०३. '-ओ२' म्हटलं की तो बोगदा शोधतो. उत्तर आधीच काढून थेट ५०५० लिहून ठेवू शकतो! मग ३७ चं वळण आणायचं कुठून? डीबगर म्हणतो, 'ऑप्टिमाइज्ड आउट'.

तिसरा फ्लॅग '-जी'. यंत्रभाषेतली आज्ञा आपल्या कितव्या ओळीतून आली, याची नोंद तो ठेवतो. हेच ते किलोमीटरचे दगड! फाईल मोठी होते, पण प्रोग्रॅमचा वेग कमी होत नाही.

एका कारखान्याच्या टाकीतली पातळी दाखवणारा प्रोग्रॅम आमच्याकडे तपासायला आला होता. '-ओ०' ने बरोबर, '-ओ२' ने मात्र भलताच आकडा! टाकी भरली तरी कळलं नसतं. एका चलाला सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती. घाटात तिथे योगायोगाने शून्य सापडत होतं, बोगद्यात नाही. '-ओ२' सोबत '-जी' ठेवला होता, म्हणून संशयाची ओळ तासाभरात हाती लागली.

तेव्हापासून मी दोन्ही रस्त्यांनी प्रोग्रॅम चालवून पाहतो, आणि लोकांच्या हाती जाणार असेल तो तर नक्कीच. वेग हवाच, बरं का! पण कुठून आलो हे सांगणारे दगड उपटून टाकू नयेत. 'सी' शिकाल तेव्हा ही बेरीज दोन्ही प्रकारे करून पाहा. ७०३ कुठे सापडतात आणि कुठे हरवतात, ते तुम्हीच शोधा.