काट्याची साक्ष

मनुष्यास पाच ज्ञानेंद्रिये आहेत, हे आपण प्राथमिक शाळेतच शिकतो. परंतु यंत्रांसही ज्ञानेंद्रिये असतात, ती मनुष्यानेच घडवून त्यांस दिलेली असतात, आणि त्यांपैकी काही आपल्या उपनगरात, अंधेरीजवळ मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील लहान लहान गाळ्यांत तयार होतात, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. हल्ली ह्या कृत्रिम इंद्रियांस ‘सेन्सर’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत त्यांस संवेदक असे नाव आहे. कोणी उष्णता जाणतो, कोणी दाब, तर कोणी धक्का अथवा कंप. ह्यांपैकी दाब आणि धक्का ह्या दोहोंविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. कारण त्यांच्या घडणीचा विचार करिता करिता खरेपणाविषयीचा एक धडा आमच्या हाती लागला.

दाब मोजणे म्हणजे मुळात वजन करणेच होय. आपल्या घरातील कुकरच्या झाकणावर जी शिट्टी असते, ती एक साधे वजन आहे. आतील वाफेचा रेटा त्या वजनास उचलण्याइतका झाला, म्हणजे ती उचलली जाते व वाफ बाहेर पडते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर हवेच्या दाबापेक्षा सुमारे एक किलोग्रॅम अधिक, इतका तो रेटा असतो. त्यामुळे आतील पाणी १०० अंशांवर न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. मातोश्री जेव्हा शिट्ट्या मोजतात, तेव्हा त्या नकळत पदार्थविज्ञानाचा प्रयोगच करीत असतात.

कारखान्यात मात्र दाब क्षणोक्षणी डोळ्यांस दिसावा लागतो. त्याकरिता यूजीन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच यंत्रज्ञाने १८४९ साली एक युक्ती शोधून काढिली. एक चपटी नळी अर्धवर्तुळाकार वाकवून तिचे एक टोक बंद करावे व दुसऱ्या टोकाने आत वाफ सोडावी. दाब वाढला की नळी किंचित उलगडू पाहते. ते उलगडणे जेमतेम काही मिलिमीटरांचे असते, परंतु दातेरी चाकांच्या साह्याने तबकडीवरील काटा त्यामुळे पाऊण फेरा फिरतो. ह्यानंतर चारच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या भूमीवरून धावत गेली. वाफेचे युग आपल्या दाराशी आले ते असे. वाफेची इंजिने गेली, तरी बूर्दाँची नळी अद्याप गेलेली नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याची आई अशा दाबमापकांच्या गाळ्यात तपासणीच्या टेबलावर काम करिते. तिच्या निमंत्रणावरून आम्ही एकदा तेथे गेलो होतो. नळी वाकविणे, तिला डाख देणे, काटा बसविणे, ही कामे दोन-तीन तरुण करीत होते. बाईंच्या पुढ्यात तेलाने भरलेले एक उपकरण होते. त्यातील दट्ट्याचे क्षेत्रफळ अचूक ठाऊक असते. त्यावर तोललेली वजने एकेक करून ठेवावयाची, ती हलकेच फिरवावयाची, म्हणजे घर्षण आड येत नाही, आणि नव्या मापकाचा काटा तितकाच दाब दाखवितो की नाही ते पाहावयाचे. कुकरच्या शिट्टीचेच हे शास्त्रशुद्ध रूप होय.

त्या दिवशी बारा मापक बाजूस काढून ठेविलेले दिसले. बाहेर टेम्पो उभा होता, आणि मालक घाईने आत आले.

“ताई, शून्याला बरोबर आहे, दहाला बरोबर आहे. पाठवून द्या ना!”

“शेठ, काटा मध्ये पाचावर खोटं बोलतोय. गिऱ्हाईक मशीन पाचावरच चालवणार. मग तो दहावर खरा बोलून काय उपयोग?”

मालक क्षणभर थांबले आणि टेम्पोवाल्यास परत पाठवून दिले. काट्यास जोडणारी बारीक पट्टी पुन्हा बसविण्यात सर्वांची संध्याकाळ गेली. घरी स्वयंपाक व मुलाचा अभ्यास वाट पाहत असता बाई तेथे का थांबल्या, हे त्यांनी सांगितले नाही व आम्हीही विचारिले नाही.

अलीकडे काट्याच्या जागी विजेचा प्रवाह आला आहे. तार ताणली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो, हे लॉर्ड केल्व्हिन ह्यांनी १८५६ साली दाखवून दिले होते. आता पातळ पोलादी पडद्यामागे असे बारीक रोध, किंवा सिलिकॉनची चकती बसवितात. पडदा दाबला गेला की रोध बदलतात. बारावीच्या विद्यार्थ्यांस रटाळ वाटणारा व्हीटस्टनचा सेतु हाच बदल टिपतो. अडचण एवढीच, की उष्णतेनेही रोध बदलतात. म्हणून चांगला कारखानदार प्रत्येक संवेदक गरम पेटीत व थंड पेटीत ठेवून त्याची चूक नोंदवितो आणि ती भरून काढण्याची तजवीज त्यातच करितो. स्वतःचा दोष मोजून ठेविलेला साक्षीदार दोष लपविणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

आणखी एक खुबी पाहा. असा संवेदक दाब शून्य असता शून्य प्रवाह धाडीत नाही, ४ मिलिअँपिअर धाडितो. पूर्ण दाबास २०. असे का? तार तुटली तर प्रवाह शून्य होतो. दाब नसणे आणि संवेदक मेलेला असणे ह्यांत गल्लत होऊ नये, म्हणून ही योजना आहे. ‘सांगण्यासारखे काही नाही’ हेदेखील त्याने सांगावयाचे असते. त्याच्या मौनास कोणी सुरक्षितता समजू नये.

आता धक्क्याकडे वळू. लोकल सुटताना उभा प्रवासी मागे कलतो, ब्रेक लागताच पुढे झुकतो. पाय गाडीबरोबर जातात, धड मात्र जडत्वास धरून राहते. धक्का मोजणाऱ्या संवेदकाच्या पोटात असाच एक प्रवासी असतो: स्प्रिंगेवर अथवा स्फटिकावर बसविलेले लहानसे वजन. ते किती मागे राहिले, ह्यावरून वेगातील बदल, म्हणजे प्रवेग, कळतो. काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युत्‌भार उत्पन्न होतो, हे जाक आणि प्येर क्यूरी ह्या बंधूंनी १८८० साली दाखविले; यंत्रांचा कंप मोजावयास त्याचा उपयोग होतो. आपल्या खिशातील मोबाइल आडवा करिताच चित्रही आडवे होते, ते सिलिकॉनच्या अशाच एका सूक्ष्म वजनामुळे.

ह्या साक्षीचे मोल महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरास भूकंप झाला आणि पावणेदोनशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या अंतर्भागातील मार्गिकेत प्रवेग लिहून ठेवणारे एक यंत्र होते. धरणाची आखणी करिताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या शेकडा ५ धरलेला होता. यंत्राने शेकडा ६३ पर्यंत पोहोचलेला धक्का नोंदविला. हे दोन आकडे अगदी एका जातीचे नव्हेत, असे तज्ज्ञ सांगतील. तरीही अंदाज आणि साक्ष ह्यांतील अंतर लपत नाही. धरणाच्या वरच्या भागास तडे गेले, पण ते उभे राहिले, आणि पुढे त्यास बळकटी देण्यात आली. ती नोंद देशोदेशीच्या अभियंत्यांनी अभ्यासिली. यंत्र तेथे नसते, तर आपल्यापाशी केवळ भीतीची आठवण उरली असती.

परंतु साक्ष असून ती ऐकली न जाणे, हेही घडते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यात विषारी द्रवाच्या टाकीचा दाब साडेदहाच्या सुमारास चौरस इंचास २ पौंड होता. अकराच्या सुमारास तो १० पौंड दिसला. तो आकडा नेहमीच्या मर्यादेतच होता. शिवाय तेथील उपकरणे बेभरवशाची म्हणून कामगारांत प्रसिद्ध होती. काटा खरे सांगत होता, पण त्याच्या शब्दास किंमत उरली नव्हती. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. एका काट्याने तो टळला असता, असे आम्ही म्हणत नाही. तथापि वारंवार खोटे ठरलेल्या साक्षीदाराचे खरे बोलणेही फुकट जाते, हे त्यावरून दिसते.

विद्यार्थिमित्रहो, मुलुंड-भांडुपकडे जेथे कारखान्यांच्या चिमण्या होत्या, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. तुमच्यापैकी पुष्कळजण अशा इमारतींत राहतात. आग विझविण्याच्या पंपाजवळ तळमजल्यावर एक गोल तबकडी असते. येत्या सुट्टीत वडिलांस बरोबर घेऊन ती पाहून या. काटा कोठे आहे ते वहीत लिहा. पंप चालू असता तो हलतो काय, ते चौकीदारास विचारा. आणि त्याची शेवटची तपासणी केव्हा झाली, हे सोसायटीच्या चिटणीसांस नम्रपणे विचारण्यास संकोच करू नका.