पाण्यावरची हवा

जुन्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं की आत गेरू कालवल्यासारखं पाणी दिसतं. तुळशीवृंदावनाला किंवा रांगोळीखाली फासतात तोच रंग, आणि पदार्थही जवळपास तोच, लोहाचं ऑक्साइड. बघणारा लगेच निदान करतो की गाडीचं वय झालं, किंवा एवढी वर्षं लोखंड पाण्यात आहे म्हटल्यावर गंजणारच. दोन्ही निदानं मला अपुरी वाटतात, आणि त्यामुळेच गंज काढायचे उपायही बहुधा चुकीच्या टोकाला सुरू होतात. हा गंज मुख्यतः हवेचा असतो. थोडा हिशेब केला तर पटेल. साध्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. इंजिन आणि रेडिएटर मिळून सहा लिटर पाणी मावतं असं धरू. त्यातला सगळा प्राणवायू बिडाने खाल्ला तरी एक दशांश ग्रॅमच्या आसपास लोखंड गंजेल आणि काम तिथेच थांबेल. काठोकाठ भरलेल्या, बंद इंजिनात पाण्याकडे यापेक्षा फारसं काही करण्याची ऐपत नसते. मग गॅरेजमध्ये इंजिन खोललं की वाटीवाटीने निघणारा तो लाल चिखल येतो कुठून?

तो श्वासावाटे येतो. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस अंशांपासून नव्वद अंशांपर्यंत तापताना सहा लिटरचं सुमारे दोनशे मिलिलिटरने वाढतं. जुन्या गाड्यांत ही वाढ झाकणाजवळच्या बारीक नळीतून रस्त्यावर सांडायची. रात्री इंजिन थंड झालं की पाणी आकसायचं आणि सांडलेल्या पाण्याच्या जागी त्याच नळीतून हवा आत यायची. दोनशे मिलिलिटर हवेत साधारण 54 मिलिग्रॅम प्राणवायू असतो, म्हणजे सहा लिटर पाण्यात मिळून असतो त्याहून थोडा जास्तच. वर्षात तीनशे दिवस गाडी तापली-निवली आणि हा सगळा प्राणवायू लोखंडालाच लागला असं मानलं, तर वर्षाला चाळीस ग्रॅमच्या आसपास बीड गंजतं. दहा वर्षांत चारशे ग्रॅम. प्रत्यक्षात सगळा प्राणवायू लागत नाही हे खरं, पण पाण्याच्या पंपाचं झिजलेलं सील आणि सैल होज यांतून येणारी हवा या हिशेबात धरलेलीच नाही.

ही सवय मोटारीला जन्मापासून जडलेली आहे. कार्ल बेंझच्या 1886 च्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि चालवणाऱ्याने ते पुन्हा भरायचं. 1888 मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला गेली तेव्हा वाटेत जिथे मिळेल तिथे तिला पाणी घ्यावं लागलं. पुढे रेडिएटर आला, दाब धरणारं झाकण आलं, तरी डिकीतला पाण्याचा कॅन काही सुटला नाही. बोरघाट चढून आलेल्या गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या, हे दृश्य एका पिढीच्या प्रवासाचा भागच होतं. यावर खरा इलाज शेवटी एका स्वस्त प्लास्टिकच्या बाटलीने केला. सांडणारी नळी त्या बाटलीत बुडवली, की आकसताना इंजिन हवेऐवजी सांडलेलं पाणीच परत ओढून घेतं. मोटारीच्या इतिहासात या बाटलीचं कौतुक कुणी केलेलं दिसत नाही.

बाटलीबरोबर नुसत्या पाण्याऐवजी कूलंट भरा म्हटलं की एक आक्षेप हमखास येतो. कूलंट थंड देशांसाठी असतं. आपल्याकडे पाणी गोठतच नाही, मग नळाचं पाणी काय वाईट? मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट आणि पद्मिनी वर्षानुवर्षं नळाच्या पाण्यावर पळवल्या आणि त्या पळाल्याही. शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती थेट ऑक्टोबर 2023 मध्ये. पण या आक्षेपाचं मूळ नावात आहे. ‘अँटिफ्रीझ’ हा शब्द ऐकला की गोठण्यापलीकडे दुसरं काही सुचत नाही. त्यातलं ग्लायकॉल गोठणं रोखतं हे खरं, पण उरलेला लहानसा हिस्सा गंजरोधकांचा असतो आणि आपल्या हवेत कामाचा भाग तोच. शिवाय आपल्या पठारावर बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी क्षारांचं असतं. बंबाच्या आत साचणारा पांढरा थर ज्याने पाहिला आहे त्याला इंजिनात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यावर पुन्हा नवं पाणी ओतलं जातं. टॅक्सी पळाल्या हे कबूल. पण वाटेत किती वेळा हेड उतरवलं, हेही मोजायला हवं.

गंज नेमका कुठे बसतो हे कळलं की तापमानाच्या काट्यावरचा विश्वास उडतो. ओतीव ब्लॉकमध्ये सिलिंडरांभोवती पाण्याची पोकळी असते. ओतकामात ती वाळूच्या गाभ्याने घडवतात आणि नंतर वाळू काढायला ठेवलेली भोकं पत्र्याच्या वाट्यांनी बंद करतात. (बर्फ झालं तर इंजिन फुटू नये म्हणून त्या वाट्या असतात, ही समजूत चुकीची, पत्रा पातळ म्हणून आतून सडून आधी त्याच गळतात, एवढंच.) पंप पुढे असल्याने गाळ मागच्या सिलिंडरच्या पायथ्याशी, प्रवाह मंद असतो तिथे साचतो. गंजाचा थर बिडाच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहतो, म्हणून तिथला धातू तापत राहतो. काटा मात्र वर हेडजवळच्या पाण्याचं तापमान दाखवतो आणि ते नेमस्त असतं. काटा मध्यावर आणि मागचा पिस्टन धरलेला, हा प्रकार त्यामुळे घडू शकतो. रेडिएटरचा खालचा नळ सोडून ‘पाणी बदललं’ म्हणणाऱ्यांचंही असंच होतं. ब्लॉकचा स्वतःचा नळ गाळाने बुजलेला असतो आणि गाळ जागचा हलत नाही.

जुने मिस्त्री सांगतात, गंजाला हात लावू नका, त्यानेच भोकं बुजली आहेत. यात तथ्य आहे. सडलेली वाटी गाळाच्या आधाराने टिकलेली असते आणि गाळ निघाला की ती गळू लागते. पण ती गळती गॅरेजमध्ये उघड होणं आणि घाटात उघड होणं यांत मी पहिलं पत्करीन. वाट्या काढायच्याच आहेत असं धरून चालावं. त्या निघाल्या की आत तार, ब्रश आणि पाण्याचा फवारा पोहोचतो, आणि निम्मं काम तिथेच होतं. नव्या वाट्या पितळी बसवल्या तर पुन्हा सडत नाहीत. रेडिएटर आधी सोडवून ठेवायचा, नाहीतर सुटलेला गंज त्याच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. सगळं पुन्हा जोडल्यावर वरच्या होजच्या तोंडाशी बारीक विणीच्या मोज्याचा तुकडा काही दिवस ठेवला, तर उरलेले कण त्यात अडकतात.

राहिलेला पक्का थर रसायनानेच जातो, आणि घाई नडते ती इथेच. संडास साफ करायचं ॲसिड गंज तासाभरात खातं, पण गंज संपल्यावर ते थांबत नाही. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ॲसिडला ते गंजाहून गोड लागतं. खाचाखोचांत उरलेलं क्लोराइड पुढे नवा गंज पोसतं. तांब्याचं भांडं चिंचेने घासणारी बाई हे रसायन कितीतरी आधीपासून नीट सांभाळत आली आहे. चिंचेतलं सौम्य आम्ल काळपट थर उचलतं आणि भांडं शाबूत राहतं. इंजिनात ते काम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड करतं. ते लोहाचे अणू धरून पाण्यात विरघळवतं. पातळ द्रावण, कोमट इंजिन, काही तासांची सवड, मधूनमधून पाहणी, शेवटी धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि भरपूर स्वच्छ धुलाई, एवढं पुरतं. साखर कारखान्यातली मळीही पाण्यात मिसळली की गंज काढते, पण तिला आठवडे लागतात, वास येतो आणि अ‍ॅल्युमिनियमला ती बाधते, म्हणून ती फक्त सुट्या बिडाच्या ब्लॉकसाठी. विजेने गंज काढायची पद्धत उघड्या भागांवर सुरेख चालते. पोकळीच्या वळणांत तिचा प्रवाह पोहोचत नाही.

धुतलेलं बीड मात्र उघडं, भुकेलं असतं. ओल्या अंगाने ते हवेत राहिलं तर काही तासांत पुन्हा केशरी होतं, आणि पहिल्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. म्हणून शेवटच्या धुलाईनंतर लगेच, शक्य तर त्याच दिवशी, शुद्ध पाण्यातलं कूलंट भरायचं, हवा काढायची, नवं झाकण लावायचं आणि सांडणारी नळी त्या बाटलीत बुडवायची. आता ज्यांच्याकडे पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर हौसेने उरली आहे, त्यांतले काहीजण पावसाळ्यापुरती गाडी उभी करताना पाणी काढून टाकतात, ओल नको म्हणून. पाणी गेलं तरी भिंती ओल्याच राहतात आणि आता पूर्ण पोकळी हवेची होते. चार महिने उभी ठेवायची असेल तर तिला झाकणापर्यंत भरून ठेवा, बाटलीसकट.