काला अंबचा खांब

पानिपत शहरापासून आठेक किलोमीटरवर हा उभा आहे. विटांचं अंग, डोक्यावर लोखंडी सळई, भोवती कुंपण. रूप बेताचं. किल्ल्यांच्या मुलखातून आलेला माणूस पहिल्यांदा थोडा हिरमुसतोच.

याच्या जागी म्हणे आंब्याचं झाड होतं, १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या तिसऱ्या लढाईत मराठ्यांच्या रक्तानं काळवंडलेलं. झाड वाळलं, त्याच्या लाकडाची दारं झाली आणि लोकांचं दुःख ऐकण्याचं काम या खांबाच्या गळ्यात पडलं. महाराष्ट्रातून आलेली मंडळी इथे घोषणा देतात, माती कपाळाला लावतात. हरयाणातल्या रोड मराठा समाजाचे लोकही येतात; त्यांच्यातले बरेच जण स्वतःला त्या लढाईनंतर मागे राहिलेल्यांचे वंशज मानतात. एकाला इथे पूर्वजांचा पराभव आठवतो, दुसऱ्याला आपलं कूळ सापडतं. खांब दोघांचंही ऐकतो आणि ‘झालं गेलं विसरा’ असं कोणालाच सुनावत नाही. एवढा संयम पदवीधर समुपदेशकांतही रोज दिसत नाही.

पण गडी पुरता निर्दोष नाही. त्याच्यावरचा मूळ लेख इंग्रजी आणि उर्दूत. ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांच्या मराठीत एक ओळ नाही.

समोरच्याच्या भाषेचा आणि जगाचा विचार न करण्याची हीच खोड समुपदेशनाच्या व्यवसायालाही होती. अमेरिकेत ती खटकलेल्या कृष्णवर्णीय समुपदेशकांच्या पुढाकारातून १९७२ साली गोरेतरांच्या प्रश्नांसाठी वेगळी संघटना उभी राहिली. १९८५ पासून ती बहुसांस्कृतिक समुपदेशनाची संघटना म्हणून ओळखली जाते. १९९२ मध्ये स्यू, अर्रेडोंडो आणि मॅकडेव्हिस यांनी समुपदेशकासाठी कसोट्या मांडल्या: आधी स्वतःचे पूर्वग्रह तपासा, समोरच्याचं जग जाणून घ्या, मगच त्याला मानवेल असा उपाय करा. आमचा खांब पहिलीत उत्तीर्ण (पूर्वग्रह धरायला मन लागतं), दुसरीत साफ नापास. उपायाचं म्हणाल तर तो माणसाला मनसोक्त बोलू देतो. काठावर पास करायला हरकत नाही.

पानिपतात समोरच्याचं जग जाणण्याचा हा प्रश्न नुसत्या इतिहासाचा नाही. फाळणीत घरदार सोडून आलेल्या पंजाबी कुटुंबांनी इथला कापडधंदा वाढवला. आज मागांवर बिहार, उत्तर प्रदेश, बंगालचे कामगार आहेत. रात्रपाळीत जीव घाबरा झालेल्या भोजपुरी पोराला त्याच्या बोलीत कोण विचारणार? २०२२ पासून १४४१६ वर ‘टेली-मानस’ ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा फोनवरून अनेक भारतीय भाषांत बोलते, ही चांगलीच सोय आहे. पण फोनवरची भाषा जुळली म्हणून घर सुटल्याची कळ कळतेच असं नाही. ती जाण शिकवावी लागते.

समुपदेशनासारख्या व्यवसायांची नोंदणी आणि दर्जा यासाठी आपल्याकडे २०२१ चा कायदा आहे. त्याखालचे अभ्यासक्रम आखणाऱ्यांना एवढंच सांगणं: पदवी तपासा, तसंच उमेदवाराला समोरच्याची बोली आणि त्याच्या गावाचा इतिहास किती ठाऊक आहे, हेही विचारा. खांबाला सूट देता येईल, माणसाला देऊ नका.